करपू अजून नाक्यावरच आहे

नलू,

तुझी शोकसभा पार पडली. तू नव्हतीस ते बरं झालं. असतीस तर दुसऱ्या वक्त्यालाच उठून गेली असतीस आणि मला तुझ्यामागे चपला शोधत धावावं लागलं असतं. मंचावर तुझा तोच फोटो होता, सत्काराच्या वेळी काढलेला, ज्यात तू दाढ ठणकत असल्यासारखी दिसतेस. फोटोला त्यांनी शाल पांघरली होती. जिवंतपणी मिळालेल्या शाली तू भांडेवालीला देऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे घेतलेस, हे स्मारक समितीतल्या कोणाला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. डबे आता आमच्याच स्वयंपाकघरात आहेत.

एका प्राध्यापकांनी भाषणात सांगितलं की करपूचा जळका खांदा म्हणजे कोरडवाहू वऱ्हाडाच्या वेदनेचं प्रतीक. टाळ्या पडल्या. मला हसू आलं, आणि हसण्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी वर यायला लागलं, म्हणून मी मान खाली घालून चष्मा पुसत बसलो. शोभाने कोपर मारलं. "उठून सांगा न तुम्ही. तुमाले तं माहीत हाय न खरं काय थे."

"सभेत खरं सांगत नसतात," मी म्हणालो.

"मंग कोठी सांगतात?"

बायको अधूनमधून असे प्रश्न विचारते. त्याचं उत्तर म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तुझ्या गोष्टी वाचून मोठ्या झालेल्या पोरांना करपू कसा दिसतो ते पाठ आहे. चाकांवरचा लाकडी बैल, डाव्या खांद्याला काळा खड्डा, कोणाचं तरी आवतण घेऊन निघतो आणि कधी म्हणजे कधीच पोचत नाही. बेडकाचं आवतण ढगाला द्यायला निघाला आणि वाटेत भजी खात बसला. चिमणीच्या बारशाचं आवतण घेऊन गेला तो तिच्या पिल्लांची लग्नं झाल्यावर परत आला. पोरं खदखदून हसतात. तो का पोचत नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही. पोरांना अक्कल असते. विचारत राहिलो तो मी.

तू ढाणकीहून आमच्याकडे आलीस तेव्हा तुझ्या बाबांच्या एका हातात पत्र्याची पेटी होती, दुसऱ्या हातात तू होतीस, आणि तुझ्या काखेत बैल होता. एसटीच्या धुळीने तिघेही सारख्याच रंगाचे झाले होते. आत्याने, म्हणजे तुझ्या आईने, तान्ह्या पोळ्यासाठी तो सुताराकडून मुद्दाम करवून घेतला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरवतात, त्यासाठी. तो पोळा काही आत्याने पाहिला नाही. तुझे बाबा चहा घेऊन त्याच दुपारच्या गाडीने परत गेले. पुढे त्यांनी दुसरं घर केलं. त्यांच्याबद्दल तू कधी वाईट बोलली नाहीस, चांगलंही नाही. तुझ्या गोष्टींत एकही बाप नाही हे समीक्षकांच्या अजून लक्षात आलेलं नाही. येईल, आणि मग त्याचंही प्रतीक होईल.

माझ्या आईने तुला जवळ घेऊन सांगितलं, "आई देवाघरी गेली वं माय तुई."

तू म्हणालीस, "नाही मामी. थे ढाणकीलेच हाय. मी पायलं."

काय पाहिलंस, ते कोणी विचारलं नाही. सहा-सात वर्षांच्या पोरीला असलं काही विचारत नसतात, आणि ती मोठी झाली की विचारायचं राहूनच जातं. माझंही राहिलं. ते मी शेवटी सांगतो.

आमच्याकडे शेती नव्हती. बाबा जिनिंगमध्ये दिवाणजी. बैल आमच्या घरी पाहायला नव्हते. दाराशी यायचे ते गाडीभर कापूस घेऊन, दुसऱ्याचे, रांगेत उभे. पण शेजारी किसनबुवांची एक जोडी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या गोठ्यात खांदशेकणी चालली होती आणि आपण दोघं मोठ्यांच्या पायांमधून डोकावत होतो. वर्षभर जू वाहून दुखलेला बैलाचा खांदा. त्याला तूप-हळद चोळायची, पळसाचं पान निखाऱ्यावर जरासं गरम करायचं आणि त्या पानाने खांदा हळूहळू शेकायचा. मग बैलापुढे हात जोडून म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." किसनबुवा एरवी त्याच बैलांना ज्या शब्दांत हाकायचे ते शब्द मला आजही लिहवत नाहीत, पण त्या संध्याकाळी ते पाहुण्याशी बोलावं तसे बोलत होते.

तुला पायांमधून तूप दिसलं, निखारे दिसले, खांदा दिसला. मधलं पान दिसलं नाही.

परसात येऊन तू बैलाचा डावा खांदा तुपाने माखलास. मामीच्या चुलीतून चिमट्याने एक फुललेला निखारा आणलास. मी शेपटी धरून बसलो होतो, कारण बैलाला शेकताना कोणीतरी धरावं लागतं हे मी पाहिलं होतं. तू निखारा खांद्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "आज आवतण घ्या." पुढचं म्हणायच्या आत बैल पेटला.

आई तांब्या घेऊन धावली. विझवून झाल्यावर तिने आपल्या दोघांच्या पाठीत सारख्याच न्यायाने दोन-दोन घातल्या. "घर जाळता काय बे पोट्टेहो! याच्यासाठी तूप दिलं काय म्या?"

मी रडलो. तू रडली नाहीस. खांद्यावरचा काळा, अजून धुमसणारा खड्डा बोटाने चाचपून पाहिलास आणि एखादी महत्त्वाची बातमी सांगावी तसं म्हणालीस, "वश्या, आता याले कोनी जुवाले लावत नाही."

तोपर्यंत तो नुसता बैल होता. त्या क्षणी तो करपू झाला.

पुढे एका मुलाखतीत तू म्हणालीस, खेळणं जिथे मोडतं तिथे त्याला स्वभाव फुटतो. मुलाखत घेणारे "वा" म्हणाले आणि ते वाक्य आता तुझ्या नावाने भिंतींवर लावतात. मला ते वाक्य वाचलं की तुपाचा जळका वास येतो. सरकूबाईचंही तसंच झालं होतं. आईने चिंध्यांची बाहुली शिवून तिच्या पोटात सरकी भरून दिली होती. उंदराने पोट कुरतडलं, आणि उचलली की तिच्यातून सरकी गळायची. दुसऱ्या पोरीने बाहुली फेकली असती. तू ठरवलंस की सरकूबाईच्या आठवणी गळतात. गोष्टीत ती जिथून चालते तिथे मागे कपाशी उगवते, आणि वेचणाऱ्या बायांना दुसऱ्याच कोणाच्या तरी माहेरच्या आठवणी येतात. हे तुला कुठून सुचलं असं लोक विचारायचे. तू सांगायचीस, उंदराकडून. लोकांना तो विनोद वाटायचा.

आता जू वाहत नाही म्हटल्यावर करपूला दुसरं काम हवं होतं. बिनकामाचा बैल कसायाकडे जातो, एवढं तुलाही माहीत होतं. तू त्याला आवतण द्यायच्या कामाला लावलंस. लोक बैलाला आवतण देतात. तू बैलाच्याच हाती आवतण दिलंस. कोणाला, ते तू पहिल्या दिवशीच सांगितलंस, सहज, माझ्याकडे न बघता. "ढाणकीले जाऊन आईले म्हणाचं, उद्या जेवाले ये."

ओसरी म्हणजे दिग्रस. उंबरठा म्हणजे पुसद. पाण्याचा रांजण उमरखेड, आणि अंगणातल्या बाभळीच्या बुंध्याशी ढाणकी. उंबरठ्यावर माझा जकात नाका होता. टॉनिकची एक रिकामी निळी बाटली, वर बूच, हे नाक्यावरचे साहेब. मला आवाज काढता येत नसत, म्हणून साहेब माझ्याच आवाजात बोलायचे.

"थांब बे. कोठी चालला?"

"ढाणकीले, साहेब."

"माल काय हाय?"

"माल नाही. आवतण हाय."

"आवतणावर जकात लागते."

"आवतणावर? बाप्पा! मंग जेवणावर काय लागत असन?"

हुज्जत रंगायची. तुझा करपू वकिलासारखा भांडायचा, माझा साहेब कायद्यातलं एक अक्षर न कळता कायदा सांगायचा. शेवटी दिवेलागण व्हायची, आई हाका मारायची आणि साहेब नाका बंद करायचे. तू बैल उचलून स्वयंपाकघरात जायचीस आणि सांगायचीस, "मामी, आई आज नाही येत. करप्याले नाक्यावर अडवलं." आई चुलीकडे तोंड करायची. धूर नसला तरी तिला त्या वेळी फुंकणी लागायची.

एके दिवशी मला कंटाळा आला होता. गल्लीत पोरांचा विटीदांडू ऐकू येत होता. करपू नाक्यावर आला आणि मी म्हणालो, "जा. पास."

तू दोरी धरून तशीच बसलीस. "काय?"

"पास म्हटलं न. जा तुया ढाणकीले."

बैल हलला नाही. पुढे रांजण होता, त्यापुढे बाभूळ होती, दहा-पंधरा पावलांचं अंगण. तू त्या बाभळीकडे पाहिलंस. असं तोंड मी तोवर कोणाचं पाहिलं नव्हतं. नंतर पाहिलं, मोठ्या माणसांचं, दवाखान्यांत. आणि मग तू माझ्या अंगावर आलीस. नखं, दात, हाताला येईल ते. "अडव न बे! काहून नाही अडवत? अडव त्याले! अडव!"

मी घाबरून ओरडलो, "नाका बंद! नाका बंद हाय!"

तू एकदम थांबलीस. फ्रॉकने नाक पुसलंस. बैल पुन्हा उंबरठ्यासमोर नीट उभा केलास आणि करपूच्या आवाजात, अदबीने विचारलंस, "मंग साहेब, उद्या येऊ का?"

"उद्या ये," मी म्हणालो.

त्यानंतर मी कधी पास दिला नाही. पण त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोही नाही.

मग तू यवतमाळला शाळेत शिकवायला लागलीस, मी वणीला खाणीच्या कार्यालयात लागलो. कोळशाची धूळ पुस्तकांच्या पानांत जाऊन बसायची आणि माझ्या बोटांचे ठसे माझ्याआधीच पुढच्या पानावर असायचे. अशाच काळ्या बोटांनी मी तुझी पहिली छापून आलेली गोष्ट उघडली आणि दुसऱ्याच परिच्छेदात मला नाक्यावर बाटलीसाहेब भेटले. तापट, वाचाळ, सगळ्या गोष्टींवर शंका घेणारे, आणि राग आला की बूच उडणारे. मी तुला कार्ड टाकलं: माझी बदनामी झाली आहे, साहेबांचं बूच एवढं सैल नव्हतं. तुझं उलट टपाली उत्तर आलं: सैलच होतं, नाहीतर तू बोलला कसा असतास?

जन्मभर मी पुस्तकं वाचली, त्यांतल्या पात्रांवर मतं दिली. स्वतः पात्र होण्याची पाळी येते तेव्हा माणसाला मत राहत नाही. वणीला शेजाऱ्याची पोरगी मला पाहून हळूच "बूच, बूच" म्हणायची. मी नाराजी दाखवायचो आणि घरात येऊन आरशात बघायचो. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू तेही छापलं असतंस.

आणि मग आपलं ते भांडण, जे दर पुस्तकागणिक झालं. तू हस्तलिखित पाठवायचीस, मी वाचून यवतमाळला यायचो, तू चहा ठेवायचीस आणि चहा उकळेपर्यंत आपला आवाज चढलेला असायचा.

"याही बारीले नाही पोचला," मी म्हणायचो.

"नाही पोचला."

"वाचकाशी काही करार असतो नलू. निघालेलं माणूस कधीतरी पोचवावं लागतं. ही पळवाट आहे."

"माणूस नाही थो. बैल हाय."

"बैलही पोचतात."

"पोचला तं गोष्ट संपते बे."

"संपू दे. गोष्टी संपतात."

"तुया संपत असतीन," तू म्हणायचीस आणि माझ्या चहात मुद्दाम साखर कमी टाकायचीस.

मी पुराणातले दाखले द्यायचो, रशियातले द्यायचो. तू साखरेचा डबा माझ्यापासून लांब ठेवून ऐकून घ्यायचीस. दोघांनाही ठाऊक होतं की आपण वाचकाबद्दल बोलत नाही आहोत. अंगणातली ती दहा-पंधरा पावलं दर वेळी आपल्या मधल्या टेबलावर असायची आणि आपण कप त्यांच्या अलीकडेच ठेवायचो.

पोटातल्या गाठीचं कळलं तेव्हा तू मला फोनवर सांगितलंस, "माया पोटात उंदीर शिरला." मी हसलो. मग मला सरकूबाई आठवली आणि फोन कानाला तसाच राहिला. शेवटी शोभा आणि मी तुला दिग्रसच्या जुन्या घरी घेऊन आलो. ज्या ओसरीवर दिग्रस होतं त्याच ओसरीवर तुझी खाट टाकली, कारण आतल्या खोलीत तुला कोंडल्यासारखं व्हायचं. तू वाळत गेलीस. शोभा तुला उचलून कूस बदलायची आणि नंतर मोरीत जाऊन उभी राहायची. "काहीच वजन नाही वो," ती मला म्हणाली. "पोरगी उचलल्यासारखं वाटते." दुखणं यायचं तेव्हा तू खाटेची पाटी धरायचीस. पाटीवर तुझ्या नखांच्या खुणा आहेत. मी त्यांवरून हात फिरवत नाही; हे सांगतो कारण सभेत कोणीतरी म्हणालं की तू हसत हसत गेलीस. तू हसत गेली नाहीस. तू शिव्या देत गेलीस, घरच्या आणि शाळेतल्या दोन्ही भाषांतल्या, आणि काही किसनबुवांच्या.

दुखणं ओसरलेलं असायचं तेव्हा तू शेवटची गोष्ट सांगायचीस आणि मी लिहून घ्यायचो. करपू यात पहिल्यांदाच कोणा बेडकाचं किंवा चिमणीचं नाही, मालकिणीचं आवतण घेऊन निघाला. "आईले सांगजो, उद्या जेवाले ये." एवढ्या पुस्तकांत तू आई हा शब्द पहिल्यांदा वापरलास आणि मला तो लिहिताना बॉलपेन झटकावं लागलं. बॉलपेनमध्ये शाई होती.

करपू ओसरीवरून निघाला. नाक्यावर आला. बाटलीसाहेब म्हणाले, "थांब बे, कोठी चालला?" करपू म्हणाला, "ढाणकीले, साहेब."

तू थांबलीस.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं तुवं काम हाय. साहेब तू होता."

"मी काय म्हणू?"

"जे म्हणाचं थे म्हण. जन्मभर तं मले शिकवून राह्यला, पोचव म्हणून." तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग न डोळे उघडता तू म्हणालीस, "लहानपणी तू अडवत होता म्हणून बरं झालं बे वश्या. नाही तं मी कोठी गेली असती."

तेव्हाच विचारायला हवं होतं. तू ढाणकीला काय पाहिलं होतंस. शब्द तोंडाशी आले होते, पण शोभा औषध घेऊन आली, तुला बसतं केलं, तुला ठसका लागला, आणि ते गेलं. दुसऱ्या दिवशी तू बोलत नव्हतीस. त्यानंतर बोललीच नाहीस.

झड लागली होती. लाकडं ओली. अग्नी मीच दिला, दुसरं कोण होतं? चिता धरेना. कोणी रॉकेल म्हणालं, कोणी डिझेल, कोणी जुना टायर घेऊन आलं. मी म्हणालो, तूप आहे का कोणाकडे. लोकांना वाटलं मी धार्मिक झालो. शेवटी डिझेलनेच धरलं. कुठे पहिल्यांदा धरलं ते मी पाहिलं. आधी ठरवलं होतं की पाहायचं नाही, पण पाहिलं. ते इथे लिहीत नाही.

आता तुझ्यामागे जे चाललं आहे ते ऐक. बागेत तुझं स्मारक होत आहे. सिमेंटचा करपू, माझ्या खांद्याएवढा उंच. परवा मी बघायला गेलो तर रंगारी दोन्ही खांदे पांढरेशुभ्र करून बसला होता.

"डावा खांदा काळा करा," मी म्हणालो.

"साहेब, उद्घाटनाले मोठे लोकं येऊन राह्यले. जळका बैल कसा ठेवाव? अपशकुन वाटते."

"अहो, गोष्टीत तसाच आहे तो."

"गोष्टीत चालते साहेब. इथं पोरं खेळाले येतात."

समितीच्या अध्यक्षांनी तोडगा काढला: सिमेंटचीच झूल करू, खांदा झाकला जाईल, वाद नको. लाकडी करपू त्यांना काचेच्या कपाटात हवा आहे. मी सांगितलं, त्याला उंदरांनी खाल्लं. अध्यक्ष हळहळले आणि म्हणाले, उंदरांचं काहीतरी करायला हवं.

आणि प्रकाशकांचा रोज फोन. "सर, शेवटचं पान तेवढं तुम्ही लिहा. खेळ तुम्हालाच माहीत आहे. भावपूर्ण करा थोडं. करपू पोचतो, आई भेटते, वाचकांचे डोळे ओले. उद्या पाठवता?" मी हो म्हणालो. हे पान माझ्याच मताचं होतं ना. तू जिवंत असेपर्यंत मी दुसरं काय मागत होतो?

आज खांदशेकणी. किसनबुवांच्या नातवाने दुपारी ट्रॅक्टरच्या बोनेटला हळद लावली आणि दोन वेळा हॉर्न वाजवला. शोभा म्हणाली, "यंदा आपल्या घरी सण नाही." मी म्हणालो, माहीत आहे. थोड्या वेळाने ती पदराआड पळसाचं पान घेऊन आली, वाटीत तूप-हळद ठेवली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

मी कपाटातून करपूला काढलं. पान निखाऱ्यावर गरम केलं. चूल गेली, निखारे शेजाऱ्यांकडून आणावे लागले. जळक्या खड्ड्यात तूप लावलं आणि पानाने शेकलं, हळूहळू, किसनबुवा शेकायचे तसं. मधलं पान दिसलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात आला. एक धड बैल राहिला असता. तान्ह्या पोळ्याला एक-दोन वर्षं फिरला असता आणि पुढे माळ्यावर गेला असता. तुझं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही.

हात जोडून म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." या वयात लाकडासमोर हात जोडताना आजूबाजूला कोणी बघत नाही ना हे मी पाहून घेतलं.

तुझ्या औषधाची एक बाटली ठेवून दिली होती. ती उंबरठ्यावर उभी केली. करपूला ओसरीवरून दोरीने ओढत आणलं; एक चाक अजून कुरकुरतं. पुसदला आल्यावर खाली बसलो. गुडघे वाजले. पुढे अंगण. रांजण नाही, तिथे पाण्याची टाकी आहे. बाभूळ मात्र आहे, तिला कोणी तोडलं नाही.

सभेत सगळ्यांनी सांगितलं की तू आता देवाघरी आईजवळ आहेस. नाही. मी पाहिलं.

हे वाक्य मनात आलं आणि मी जागच्या जागी थांबलो, कारण हे तुझंच वाक्य होतं. तुला जे विचारायचं राहिलं होतं ते मला विचारायची आता गरज उरली नाही. त्या अंगणात तू बाभळीकडे बघत होतीस तेव्हा तिथे तुला कोणती आग दिसत होती ते मला दिसलं. पोचलेल्याला तिथे काय मिळतं हे सात वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं, आणि इतकी पुस्तकं वाचून मी करपूच्या न पोचण्याला पळवाट म्हणत होतो.

"थांब बे," मी साहेबांच्या आवाजात म्हणालो. "कोठी चालला?"

करपूचा आवाज तू काढायचीस. शोभा दारात येऊन उभी होती, पदराचं टोक तोंडाशी धरून.

"माल काय हाय?"

आवतण कोणाला होतं ते साहेबांना आता पक्कं ठाऊक होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडे, तूच दिलेला, पास द्यायचा अधिकारही होता, आणि तो द्यावा असा आग्रह त्यांनी स्वतःच जन्मभर धरला होता. बाभूळ दहा-पंधरा पावलांवर होती.

प्रकाशकांना कळवलं आहे की गोष्ट पूर्ण झाली, शेवटची ओळ पाठवतो. करपू तसाच उंबरठ्याशी उभा ठेवला आहे. शोभा त्याला ओलांडून ये-जा करते आणि हलवत नाही. ओळ ही:

"आज नाका बंद हाय," साहेब म्हणाले. "उद्या ये."